सतरा अंकांची रास

श्रोतेहो, आज मी आपल्यापुढे एकच संख्या ठेवणार आहे. ज्यांच्याजवळ पाटी असेल त्यांनी पाटी घ्यावी, नसेल तर वहीचे पान चालेल. लिहा : एक, दोन, तीन असे करीत नऊपर्यंत चढा, आणि नऊनंतर पुन्हा आठ, सात, सहा असे उतरत एकापर्यंत या. नऊ एकदाच लिहायचा. झाली संख्या : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक आहेत, मोजून पहा.

आता ही वाचायची कशी? आपल्या रोजच्या लाख-कोटीच्या भाषेत वाचू म्हटले तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. म्हणजे कोटीचेही कोटी! पण आपल्या जुन्या लोकांनी अशा संख्यांसाठी एकेका स्थानाला स्वतंत्र नाव देऊन ठेवले होते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' लिहिली. तीत एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी अठरा स्थाने दिली आहेत. आपल्या संख्येचा पहिला एक बसतो तो सतराव्या स्थानी, म्हणजे 'मध्य' या घरात. परार्धाला एकच पायरी कमी. लहानपणी आपण सगळ्यांनी 'एकं दहं शतं' घोकले, पण बहुतेकांचे घोकणे कोटीच्या आसपास थांबले. पुढच्या घरांत कोणी राहते की ती नुसती नावालाच बांधलेली आहेत, हे विचारण्याची वेळच आली नाही.

नाव कळले तरी आकार डोळ्यांपुढे येत नाही. त्यासाठी आपण पोहरादेवीला जाऊ. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातले हे गाव, संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे. रामनवमीला येथे जत्रा भरते आणि महाराष्ट्र, तेलंगण, कर्नाटक, आंध्र येथून बंजारा बांधव येतात. तेवढी गर्दी पाहिली की माणूस म्हणतो, मोजदादच नाही! पण जत्रेतली माणसे लाखांत मोजता येतात. लाख म्हणजे सहा अंक. आपली संख्या सतरा अंकांची आहे.

बंजारा समाजाचा जुना व्यवसाय म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर वाहतूक करणे. फौजांनासुद्धा त्यांच्याच तांड्यांनी धान्य पुरवले. तेव्हा आपणही आपली संख्या ज्वारीच्या दाण्यांत मोजू आणि बैलांवर लादू. ज्वारीचे एक हजार दाणे साधारण तीस ग्रॅम भरतात असे धरा. एका बैलाच्या पाठीवर एक क्विंटल धरा. म्हणजे एका बैलावर सुमारे तेहतीस लाख दाणे झाले. सगळे दाणे न्यायला बैल लागतील किती? ३७० कोटी. एकामागे एक, दोन-दोन मीटर जागा देऊन, पोहरादेवीच्या वेशीपासून उभे केले तर ओळ होईल ७४ लाख किलोमीटरची. चंद्रापर्यंत नऊ वेळा जाऊन नऊ वेळा परत येईल, तरी काही बैल शिल्लक राहतील! आणि दाणे कोणी दर सेकंदाला एक या वेगाने रात्रंदिवस मोजू लागला तर त्याला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. असो. मोठेपणाची गोष्ट एवढी पुरे. नुसती मोठी संख्या कोणीही लिहील, एकावर शून्ये देत बसले की झाले. ही संख्या मला आवडते ती वेगळ्या कारणासाठी.

ही संख्या म्हणजे एका सोप्या संख्येचा वर्ग आहे. नऊ वेळा एक लिहा : १११११११११. अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. हिला हिनेच गुणले की आपली संख्या येते. माझ्या सांगण्यावर विसंबू नका, करून पहा. एकदम नऊ एक नकोत, तीन एकांपासून सुरू करू. १११ गुणिले १११. एकाने गुणायचे आहे, म्हणजे गुणायचे काहीच नाही. तीच संख्या दर वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहायची :

१११
१११०
१११००

आता उभ्या ओळींतले एक मोजा. उजवीकडून पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन, मग पुन्हा दोन, मग एक. बेरीज १२३२१. शेतकरी मंडळींना हे चित्र ओळखीचे वाटेल. खळ्यात धान्याची रास असते ना, कडेला उतरती आणि मध्ये उंच, तशी ही एकांची रास आहे. नऊ एकांच्या नऊ ओळी मांडल्या की रास मध्यभागी नऊ उंचीची होते आणि दोन्ही बाजूंना एकाएकाने उतरत जाते. आपली सतरा अंकी संख्या म्हणजे या राशीच्या उंचीची नोंद आहे, दुसरे काही नाही. तिसरीतला मुलगासुद्धा ती पाटीवर काढू शकतो, कारण हिच्यात पाढा लागत नाही आणि हातचाही लागत नाही.

हातचा लागत नाही, या शब्दांकडे जरा लक्ष द्या. मुलांना ही गंमत दाखवली की ती लगेच म्हणतात, मग दहा एकांचा वर्ग केला तर? नऊनंतर दहा लिहायचा का? हा प्रश्न ज्या वर्गात निघाला त्या वर्गात गणित सुरू झाले असे मी समजतो. दहा एकांची रास मध्यभागी दहा उंच होते. पण एका घरात दहा राहू शकत नाहीत. दहा झाले की शून्य ठेवून एक हातचा शेजारी द्यावा लागतो. शेजारच्या घरात आधीच नऊ बसलेले, तिथेही दहा होतात, तिथेही शून्य ठेवून हातचा पुढे जातो. त्याच्या पुढच्या घरात आठ, त्याचे नऊ होतात आणि हातच्याचा प्रवास थांबतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. पहा, आठ नाहीसा झाला, मध्ये दोन शून्ये आली आणि ती सुरेख चढण-उतरण मोडली. ज्याने नुसता नमुना पाठ केला होता तो येथे अडतो. ज्याने रास का बनते हे पाहिले होते त्याला रास कुठे ढासळणार हे आधीच सांगता येते.

आता पुन्हा आपल्या सतरा अंकांकडे येऊ. त्यांची बेरीज करा. एकापासून आठापर्यंत छत्तीस, पुन्हा उतरताना छत्तीस आणि मधले नऊ, मिळून ८१. हे एक्क्याऐंशी आले कुठून? नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक, म्हणजे पाटीवर एकूण ८१ एक मांडले होते. हातचा नसल्याने त्यांतला एकही हरवला नाही, सगळे आपापल्या घरात उभे आहेत. दहा एकांच्या वर्गात पाटीवर शंभर एक असतात, पण उत्तराच्या अंकांची बेरीज येते ८२. अठरा गेले कुठे? प्रत्येक हातच्याच्या वेळी एका घरातून दहा जातात आणि शेजारी एकच येतो. म्हणजे हातच्यामागे नऊची घट. दोन हातचे, अठराची घट. दुकानदाराच्या वहीसारखा हा हिशेब चोख जुळतो.

आणि एक मौज. या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, पूर्ण भाग जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तोही एक पूर्ण वर्गच आहे, १२३४५६७९ या संख्येचा. या १२३४५६७९ मध्ये आठ नाही आणि हिला नवाने गुणले की नऊ एक मिळतात. गुणून पहा, प्रत्येक घरात हातचा कसा नेमका येऊन बसतो ते दिसेल. येथे शिक्षक बंधुभगिनींना एक सावधगिरी सांगतो. अंकांच्या बेरजेला नवाने भाग गेला तर संख्येला नवाने भाग जातो, ही कसोटी खरी. पण तीच कसोटी ८१ साठी चालवू नका. १८९९९९९९९९ या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे, तरी तिला ८१ ने भाग जात नाही. आपल्या संख्येला जातो तो तिच्या घडणीमुळे. नऊ एकांना नवाने भाग जातो, म्हणून त्यांच्या वर्गाला नऊ नव्वे एक्क्याऐंशीने भाग जाणारच.

जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो अशा संख्येला एक गोड नाव आहे : हर्षद संख्या. हर्ष देणारी ती हर्षद. एका एकापासून नऊ एकांपर्यंत नऊ वर्ग तपासले, तर १ ही क्षुल्लक संख्या सोडून फक्त दोनच हर्षद निघतात, १२३२१ आणि आपली सतरा अंकी. बाकीच्या का निघत नाहीत हे शोधायला एक तासिका पुरेल.

हे नाव ठेवणारा गणिती आपल्याच महाराष्ट्रातला एक शाळामास्तर होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक, १९२९ साली पदवी. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत होते आणि उरलेला वेळ संख्यांशी खेळत होते. ज्या संख्येबद्दल आज आपण बोलतो आहोत त्या घराण्याला त्यांनी नाव दिले 'डेमलो संख्या'. कोणाला वाटेल हा कोणी युरोपातला पंडित असेल. तसे नाही. डेमलो म्हणजे आजचे डोंबिवली! जुन्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या त्या स्टेशनावर त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून स्टेशनाचे नाव संख्यांना. गाडीची वाट पाहताना आपण पुष्कळ जण वैतागतो. असो.

डेमलो संख्येची त्यांची खूण अशी : संख्येचा डावा भाग आणि उजवा भाग यांची बेरीज केली की मधला अंकच पुन्हा पुन्हा यावा. १६५ घ्या. एक आणि पाच सहा, मध्ये सहा. २५५३ घ्या. दोन आणि तीन पाच, मध्ये पाच. आता आपली संख्या. मधला नऊ बाजूला ठेवा. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. करा बेरीज. ९९९९९९९९. आठही घरांत तोच मधला नऊ. या संख्यांच्या उपपत्तीवर कापरेकरांनी के. आर. गुंजीकर यांच्याबरोबर लिहिलेला लेख १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. पुष्कळसे काम मात्र त्यांनी पदरमोड करून, छोट्या पुस्तिका छापून प्रसिद्ध केले.

त्या काळी अनेक विद्वानांना हे पोरखेळ वाटले. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ते म्हणत, ही गंमत संख्येची नाही, आपण संख्या दहाच्या पटीत लिहितो त्या रीतीची आहे. माणसाच्या हाताला सहा-सहा बोटे असती आणि आपण बारा-बाराने मोजत असतो तर रास अकरा उंचीपर्यंत न मोडता गेली असती. खरेच आहे. परंतु शाळेत मूल जे शिकते तीही हीच लिहिण्याची रीत ना? स्थान, हातचा, नवाची कसोटी हे सारे त्या रीतीचेच भाग आहेत. ती रीत आतून कशी चालते हे या मास्तरांइतके हौसेने फार थोड्यांनी पाहिले. माझ्या मते आक्षेप घेणारे संशोधनाच्या बाजूने बोलत होते आणि कापरेकर पाटीच्या बाजूने. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते वारले. त्यांच्या ६१७४ या संख्येची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल, म्हणून ती आज मुद्दाम बाजूला ठेवली.

कोणी म्हणेल, आता या पाटीच्या हिशेबाचे काय काम? प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यात गणकयंत्र आहे. ठीक आहे. नऊ एक गुणिले नऊ एक, असे त्याला सांगून पहा. पुष्कळ यंत्रे पूर्ण उत्तर दाखवतच नाहीत. पहिले काही अंक दाखवतात आणि बाजूला, पुढे इतकी घरे आहेत अशी खूण करतात. संगणकावर हिशेबाचे तक्ते असतात, कचेरीत पगारपत्रके ज्यांत करतात ते. त्यांत सामान्यतः पहिले पंधरा अंक खरे धरतात आणि उरलेल्या घरांत शून्ये घालतात. तेथे आपल्या संख्येचा शेवट ३२१ न होता ३०० होतो. संगणकाला आज्ञा देण्याच्या काही भाषांत हाच शेवट ३२० दिसतो. यंत्र बिघडलेले नसते. एका संख्येसाठी त्यात जितकी जागा राखलेली असते तितकीच ती असते, आणि आपली संख्या तिच्यात पुरती मावत नाही.

पण पडद्यावर उमटलेले उत्तर चूक आहे हे कोणाला कळणार? ज्याने पाटीवर रास मांडली त्याला. तो म्हणेल, शेवटी एक असलेल्या संख्येचा वर्ग शून्याने संपेलच कसा? एक एके एक. दुसरी कसोटी नवाची. नऊ एकांना नवाने भागून बाकी शून्य, म्हणून वर्गाची बाकीही शून्यच हवी. आपल्या पाटीवरच्या संख्येची बेरीज ८१, बाकी शून्य, जुळले. ३२० ने संपणाऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज ८०, बाकी आठ. ३०० ने संपणारीची बेरीज ७८, बाकी सहा. दोन्ही उत्तरे पकडली गेली. अंकांची अदलाबदल झाली असेल तर मात्र नवाच्या कसोटीला ती दिसत नाही, कारण बेरीज तीच राहते. त्यासाठी अकराची कसोटी आहे : उजवीकडून एक अंक मिळवा, पुढचा वजा करा, पुन्हा मिळवा, पुन्हा वजा करा. आपल्या संख्येत हे केले की शेवटी एक उरतो. नऊ एकांतही तसेच केले तर एकच उरतो, आणि एकाचा वर्ग एक. शेजारशेजारचे दोन वेगळे अंक चुकून उलटे लिहिले गेले असतील तर या कसोटीत ते उघडे पडतात.

बँकेच्या पासबुकातला आकडा, सातबारावरचे क्षेत्र, सोसायटीच्या कर्जाचा हिशेब, हे सारे आता यंत्रातूनच छापून येते. ते बहुतेक वेळा बरोबरच असते, आणि त्यांतले आकडे यंत्राच्या जागेत मावण्याइतके लहानही असतात. तरी यंत्रात भरणारा हात माणसाचाच असतो. खेड्यातला माणूस छापील आकडा पाहिला की मान डोलावतो, याचे कारण तो अडाणी आहे हे नव्हे. आकडा उलटून विचारता येतो हे त्याला शाळेत कोणी दाखवले नाही. म्हणून शिक्षकांना माझे सांगणे असे की ही सतरा अंकी संख्या फळ्यावर तयार करून लिहू नका. मुलांकडून नऊ ओळी मांडून घ्या, उभ्या ओळींतले एक मोजून घ्या, आणि मग मोबाईलचे उत्तर शेजारी लिहून दोघांत खरे कोण ते मुलांनाच विचारा. निकाल त्यांना द्यायचा आहे, कारणासकट.

आणि हे जमले की पुढचा प्रश्न द्या : अकरा एकांचा वर्ग. पाटीवर १२१ एक मांडले जातील आणि रास मध्यभागी अकरा उंच होईल. उत्तर मी सांगून ठेवतो : १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. याच्या अंकांची बेरीज ८५. गुणाकार करण्याआधीच मुलांनी सांगायचे की वाटेत हातचे किती निघाले असतील. १२१ मधून ८५ गेले, राहिले ३६, आणि एका हातच्यामागे घट नवाची. मग गुणाकार करून ते चार हातचे कोणकोणत्या घरांतून निघाले ते त्यांना बोट ठेवून दाखवू द्या.